दोऱ्याने झिजलेली कड

रोम, मंगळवार

प्रिय बाबा,

मी बरी आहे, जेवतेही वेळेवर. तुमचा खोकला कसा आहे? झिता आत्याचं ऐकून संध्याकाळी गच्चीवर बसणं बंद केलंत ना?

तान्क्रेदी मालकांचा तुम्हाला फोन येईलच, म्हणून आधी माझ्याकडून ऐका. एका बाईंच्या पदकासाठी चांदीचं जुनं रोमन नाणं आलंय. त्याला वर एक भोक आहे. मालक म्हणाले, "चांदीने बुजव. कुणाला कळता कामा नये."

मी भिंगातून पाहिलं. भोकाची वरची कड दोऱ्याने झिजून गुळगुळीत झालीय. म्हणजे पूर्वीही कुणीतरी ते वर्षानुवर्षं गळ्यात घातलं होतं. मी म्हटलं, "बुजवणार नाही. कडी याच भोकातून ओवते."

"तुझ्या बापाने असली शंभर भोकं बुजवलीत."

"त्यांनी बुजवली असतील. मी नाही."

तेव्हापासून मला टेबलावरून उठवून झाडलोटीला लावलंय. सोन्याचा कीस गोळा करते. कंबर जरा दुखते, बाकी काही नाही. नाणं मालकांनी दुसऱ्या दोघा कारागिरांना दिलं. दोघांनी भिंग लावून पाहिलं आणि न बुजवता माझ्या खणात परत आणून ठेवलं.

आरेत्सोला घरी परत ये, असं लिहू नका. तुमचं उत्तर येईपर्यंत मी ते भोक बुजवणार नाही, आणि आल्यावरही नाही.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
ओर्तेन्सिया