शाल कुणाच्या हातून

रविवार, दिवेलागण

पंचायतीचे अध्यक्ष घरी येऊन गेले. आमच्या ह्यांचा मरणोत्तर सत्कार करायचा म्हणाले, निर्भीड पत्रकार म्हणून. शाल मी घ्यायची, अध्यक्षांच्या हातून. ज्या नळयोजनेवर ह्यांनी बातम्या लिहिल्या, ती याच अध्यक्षांची. पाइप न टाकताच बिल उचललं, नळ मात्र दारोदार उभे केले. आमच्या दारातला अजून कोरडाच आहे.

मला तोंडावर नाही म्हणता येईना. मी म्हणाले, "वर्ष झालं न्हाई अजून. सुतक हाय."

ते हसले. "अक्का, आपण बसवण्णांची माणसं. आपल्यात सुतक कुठलं? उगं कामून लपायलाव?"

खरंच की. ह्यांना समाधी दिली त्याच संध्याकाळी मी चूल पेटवली होती. मग असलं माझ्या तोंडून आलं कसं? भीतीनं? हे प्रत्येक बातमीवर स्वतःचं नाव छापायला लावत. मी भांडायचे, तर म्हणायचे, "बिननावाचं कोण खरं मानतंय?"

मैलूरला लेकीकडं जायचंय म्हणू का? तेही खोटंच.

शेवटी अध्यक्षांना फोन केला. बोलताना दारातला तो नळ उगीच उघडत होते, बंद करत होते.

"अण्णा, सुतक न्हाई. तुम्ही पाइप टाकलाच न्हाई, म्हणून शाल तुमच्या हातून नको."

"हे बाहेर बोलू नका, अक्का."

"बोलणार. माझ्या नावानं."

रोजनिशीत कधी नाव घातलं नाही. आज घालते.

महादेवी