टेबलाची पलीकडची बाजू

ता. १७, सकाळ

धाकटीस,

आशीर्वाद. रागावलेल्या माणसालाही ते लागू पडतात.

तू माझा फोन उचलत नाहीस आणि तुझ्या घराला तीन जिने आहेत, म्हणून लिहावं लागतंय. जिन्यांचं एवढं काही नाही, पण सध्या मला वेळ नाही.

इकडे सगळं ठीक. तुझे भाऊजी मजेत आहेत, म्हणजे दिवसभर कुरकुरतात. खोलीत पडद्यांचं काम चालू आहे. शिवणयंत्राला तेल दिलं. शाळेच्या सभागृहाचा पडदा परत आला आहे.

हो, परत आला. आपण दोघी जावांनी पडदे शिवायला घेतल्यापासून असं कधी झालं नव्हतं. पडदा टांगला, दिवे लावले, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "छान आहे हो, पण आम्ही साधा लाल सांगितला होता ना? हा पट्ट्यापट्ट्यांचा कसा?" मी वर पाहिलं. एक पट्टा गडद, एक फिका, एक गडद, एक फिका. झेब्रा परवडला.

मखमलीची लव एकाच दिशेला ठेवायची, नाहीतर एकाच ताग्यातले दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात, हे तुला मीच पहिल्या दिवशी शिकवलं. आणि मीच कापड जमिनीवर अंथरून, मागेपुढे घड्या घालून, घडीवर कापत गेले. असं केलं की दर दुसरा तुकडा उलटा येतो. मागच्या बाजूने खडूची खूण केली असती तरी शिवताना सावरता आलं असतं. तीही राहून गेली.

का, असं विचारशील. ट्यूबलाइट मंद होती.

ट्यूबलाइट नवी आहे. खरं असं, की कापडाच्या दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे उठायचं, आणि एकदा उठले की पुन्हा गुडघ्यांवर बसता येणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून बसल्या जागी घड्या घातल्या. कापून झालं आणि मग उठताच येईना. तुझ्या भाऊजींना हाक मारली. ते हात द्यायला आले आणि तेही खाली आले. दोघं मखमलीवर समोरासमोर.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आता एखादं गिऱ्हाईक येऊ नये म्हणायचं."

शेवटी शेजारच्या सुताराने आम्हाला एकेक करून उचललं. त्या गडबडीत, आणि खरं सांगायचं तर लाजेत, खुणा राहिल्या. तुकडे गुंडाळून मी तसेच शिवायला घेतले.

मग डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एक्स-रे दाखवला. सांध्यातली गादी झिजली आहे, आणि ती काही परत भरून येत नाही. मी म्हटलं, "म्हणजे आता बसून राहायचं."

"बसलात तर आखडाल," त्या म्हणाल्या. "चाला. मांडीचे स्नायू घट्ट करा, ते गुडघ्याचा भार वाटून घेतील. फक्त जमिनीवर बसणं सोडा. काम काय करता?"

सांगितलं.

"मग उंच टेबल नाही का?"

तुझे भाऊजी पचकले, "आहे की! त्यावर ताग्यांचा ढीग असतो."

टेबलाचा विषय निघालाच आहे तर लिहिते. तू ते करून आणलंस त्या दिवशी मी म्हणाले, "खाली बसायचा कंटाळा आला असेल तर घरी बस." तू बसलीस. तू शब्दाची पक्की आहेस हे मी विसरले होते.

आता सकाळी गरम पाण्याच्या पिशवीने शेकते. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरते, सावकाश खाली सोडते. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठते. सुरुवातीला प्रत्येक उठण्याला तुझे भाऊजी "शाब्बास" म्हणत, ते मी बंद पाडलं. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात धरायची असते, हे मला या वयात कळलं. पदवी घेतली तेव्हा कोणी शिकवलं नाही. दुखणं गेलेलं नाही, पण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येते, वाटेत कुठे टेकत नाही. जिने मात्र अजून जमत नाहीत. वर वेळेचं लिहिलं ते खोटं होतं.

तर टेबल. तागे उतरवले, पुसलं, उभी राहिले. बरोबर माझ्या मापाचं. ना वाकावं लागत, ना खांदे उचलावे लागत. तू माझ्याहून वीतभर बुटकी. मला वाटलं, सुताराचं माप चुकलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "चुकलं कुठे? धाकट्या बाईंनी तुमचंच माप दिलं होतं. म्हणाल्या, जाऊबाईंना नीट पोचलं पाहिजे, मी काय, टाचा उंच करीन."

तो गेल्यावर मी पडदा टेबलावर पसरायला घेतला. एकेक आठवत गेलं. "जाऊबाई, तुम्ही चहा टाका, मी पलीकडची बाजू बघते." दर खेपेला हेच. मला वाटायचं, तुला माझ्या हातचा चहा आवडतो. तू माझ्या वाटचं रांगत होतीस, आणि मी वर साखर कमी की जास्त ते विचारत होते.

आभार मानायची आपल्या घरात पद्धत नाही. तरी लिहून ठेवते. मी आज उभी राहून काम करते ती आधी तुझ्यामुळे. डॉक्टर, काठी, व्यायाम हे नंतर.

मुख्याध्यापिका समजूतदार आहेत, त्यांनी मुदत दिली आहे. शिवणी उसवून दर दुसरा पट्टा फिरवायचा आणि पुन्हा जोडायचा, म्हणजे कापड वाया जाणार नाही. उसवायला घेतलंय. टेबलाच्या पलीकडे आता मी स्वतः चालत जाऊ शकते, तेव्हा हाताखाली कोणी हवं म्हणून बोलावते असं समजू नकोस. पलीकडे तू नसलीस की माझं चुकतं, म्हणून बोलावते. चहा आळीपाळीने टाकू.

तुझी,
मोठी

सुताराच्या हाती दिले: हे पत्र, एक. उभं राहायचा लाकडी चौथरा, एक. वीतभर उंच, वर रबर ठोकलेलं, पाय घसरणार नाही. तुझ्या घरात त्याचा काही उपयोग नाही.