भट्टीवरची जोडी

पांढरकवडा,
९ जून २०२४

चि. बबिता हीस,

भीमराजचा जयभीम आणि जय सेवालाल. तू व मुलं बरी असाल. इकडे ऊन अजून उतरलेलं नाही.

तुमच्या तांड्यातल्या धावजीच्या हाती पोतं पाठवतो आहे. आतल्या वस्तू मी स्वतः केल्या आहेत, पाहून घे. विटेचा सागवानी साचा, आतून नऊ बाय चार बाय तीन, एक सूत इकडेतिकडे नाही. तेलाच्या डब्याची शेगडी. ट्रकच्या टायरच्या चपला, तुझ्या आईच्या मापाच्या. शिसवाची फणी, दात एकोणतीस. मला कुणी शिकवलं नाही, पाहून पाहून शिकलो.

आता तुला माहीत नाही ते. वीटभट्टीवर एकट्याला काम देत नाहीत. नवरा-बायकोची जोडी लागते, झोपडीही जोडीलाच मिळते. घाटंजीच्या बाजारात मी विळ्यांना मुठी बसवायचो, तुझी आई मानीबाई शेजारी सीताफळं विकायची. दिवाळीनंतर तीच म्हणाली, "दादा, सहा मयने माहा नवरा व्हा. काम सरलं की तुमी मोकळे, मी मोकळी."

भट्टीच्या मुनशीनं हजेरीच्या वहीत लिहिलं, 'भीमराज व बायको'. तिचं नाव विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांसमोर बोलून गेली, "दादा, पाणी घ्या."

मुनशी थबकला. "नवऱ्याले दादा म्हन्ते काय वं?"

"आमच्या तांड्यात म्हन्ते," ती म्हणाली. "तुमची बायको काय म्हन्ते, मुनशीजी? का बोलतच नाही?"

तेव्हापासून भट्टीवर मला 'बायकोचा दादा' म्हणू लागले. मला ते आवडलं नाही.

संक्रांतीनंतर तिनं दादा म्हणणं सोडलं. फणी त्याच सुमाराची. तू लेक आहेस, यापुढे लिहीत नाही.

२२ एप्रिलला दुपारी पक्क्या विटांची रास तिच्या अंगावर आली. रास सात फूट, टेका नाही. मी महिनाभर आधी सांगितलं होतं. मुनशी म्हणाला होता, "तू इंजिनेर हायेस काय?" विटा मी हातानं काढल्या. दवाखान्याच्या कागदावर 'नवरा' म्हणून सही केली. तू मातीला आलीस तेव्हा मात्र 'भट्टीवर ओळख होती' एवढंच सांगितलं. माझी हिंमत झाली नाही.

भरपाईची तक्रार मी दिली आहे, वारस म्हणून तुझं नाव लिहिलं आहे. आधारची प्रत धावजीजवळ दे. मालक म्हणतो, मानीबाई नावाची बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच. वहीत तिचं नाव खरंच नाही. ती माझी बायको असेल, तरच ती तिथं होती.

परवा मालक स्वतः गाडी घेऊन दाराशी आला. म्हणाला, "मानीबाई माझी बायको नव्हती, एवढी एक ओळ लिहून दे. खरंच तं लिहायचं हाय, त्यात काय जाते तुह्यं?"

त्या ओळीचे तो दोन लाख दहा हजार देत होता. मी लिहून दिली नाही.

भीमराज