पंचवीस टनांखालचा टोफू

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (डावा गुडघा धरलाय, तेव्हा आठातली सातच अंगं पोचती करून घे). तुझा खोकला कसा आहे? मंगळवारी फोनवर ऐकला. तो छातीतला नाही, घशातला आहे. मशीनचं दुखणं आवाजावरून ओळखण्यात चाळीस वर्षं गेली, बहिणीचं ओळखता येऊ नये?

पत्रास कारण असं काहीच नाही. डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलंय, म्हणून मी टोफू करायला शिकतो आहे. चार महिन्यांपासून तुझ्याकडे राहायला आलेली तुझी भाची तेच खाते, हा निव्वळ योगायोग. तिनं दूध-मांस सोडलं, तेव्हा मी कारखान्यातल्या चार माणसांसमोर "माझ्या घरात राहायचं तर माझ्या ताटातलं जेवायचं" असं म्हणालो आणि ती भरल्या ताटावरून उठली, हे तुला तिच्याकडून कळलंच असेल. त्याचा इथे काही संबंध नाही.

तर टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर. दुकानदार म्हणाला, आधी दाबून पाणी काढा. दाबायचं म्हटल्यावर माणूस आपल्याजवळ असलेल्या वस्तूचाच विचार करतो. मी तो फडक्यात गुंडाळून कारखान्यात नेला आणि पंचवीस टनी प्रेसखाली ठेवला. हळूच दाबणार होतो (पण त्या प्रेसला हळू ठाऊक नाही, मालकाचा गुण लागलाय). पाणी निघालं, त्याच्याबरोबर टोफूही निघाला. फडक्याला चिकटलेली पांढरी चकती उजेडात धरून आमचा फोरमन, ज्याला सगळे पाना म्हणतात, अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "शेठ, हे गॅस्केट कुठल्या पंपाचं?"

दुसरा टोफू घरीच दोन ताटल्यांत धरून वर हिची जुनी इस्त्री ठेवली (ही गेल्यापासून ती इस्त्री तापलेली नाही, निदान वजनाला तरी कामी आली). अर्ध्या तासानं चौकोनी तुकडे केले, कॉर्नफ्लोअर लावलं, तेलात सोडले. पहिल्यांदा घाई केली, तर कवच कढईला चिकटलं आणि गर माझ्या वाट्याला आला. मग मात्र कानांनी लाज राखली. आत ओल असेतो तेल भांडत असतं. ओल संपली की त्याचा आवाज बारीक होतो. तोवर उलथनं लावायचं नाही. चौथ्या दिवशी तुकडे असे जमले, की चमचा मारला तर टकटक वाजत. सॉसही साधला: सोया सॉस, साखर, आलं-लसूण, जरा व्हिनेगर, चमच्यावर रेंगाळेल इतका दाट.

आणि तिथेच माती खाल्ली. गिऱ्हाईक यायच्या आधी माल तयार, हा आपला जन्माचा नियम. पान्याला एक वाजता जेवायला बोलावलं होतं. साडेबारालाच सॉस ओतून मी हात पुसून बसलो. तो उगवला दीडला. त्यानं घास घेतला तेव्हा मी कान दिला, पण कुरकुर म्हणून नाही. "मऊ आहे, दातांना बरं," बिचारा म्हणाला. मग तोंड पुसत म्हणाला, "पण शेठ, ही वस्तू आधी करून ठेवायची नाही. खाणारा समोर बसला, की मग ओतायचं."

खोकल्याला जप. उत्तराची घाई नाही.

तुझा,
धाकटा

ता.क. डॉक्टरांनी काहीही सांगितलेलं नाही. मी त्यांच्याकडे गेलोच नव्हतो.

आणखी ता.क. मंगळवारी आपण बोलत असताना मागे उलथनं कढईच्या काठावर दोनदा वाजलं. तू तीनदा ठोकतेस. दोनदा तिची आई ठोकायची. तू "तुझे बाबा आहेत" म्हणालीस आणि उलथनं थांबलं. पण पावलं बाहेर गेली नाहीत, ताई. ती तिथेच उभी होती. ऐकलं मी.

शेवटचं ता.क. मी त्या दिवशी बोललो ते चुकलं. (हे वाक्य ती स्वयंपाकघरात असताना मोठ्यानं वाच.) रविवारी एक वाजता तुकडे तळून ठेवीन. सॉस मात्र ती बसल्याशिवाय ओतणार नाही, मग दीड वाजो नाहीतर सहा.