धाकटीच्या पेशी

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

वजन किलोभर वाढलं. डोक्यावर केस आलेत, तेही कुरळे. तुझी वहिनी म्हणते, "अगंबाई, हे तर वन्संचे!" केसांचं माहीत नाही, पण रक्तगट मात्र खरोखरच तुझा झालाय. जन्मभर वर्गात अद्वैत शिकवलं, पोरं पेंगली. आता अंगात मुरलं तर दाखवायला वर्ग नाही.

तू फोन उचलत नाहीस. तुझ्या लेकीनं सांगितलं, की माझा नवा रिपोर्ट ऐकल्यापासून तुझं एकच पालुपद: "माझ्याच पेशी कमी पडल्या. सुया घ्यायच्या त्या आठवड्यात मी सर्दीची गोळी घेतली होती." ही गोळी-मीमांसा मी डॉक्टरीणबाईंना ऐकवली. त्या म्हणाल्या, "त्यांच्या पेशींनी चोख काम केलंय, मास्तर. कुरापती तुमच्या आहेत!"

आणि काम तरी केवढं! इंजेक्शनांनी तुझ्या मूळपेशी हाडांतून रक्तात उतरल्या, यंत्रानं वेचून पिशवीत भरल्या, माझ्या शिरेत सोडल्या. कुणी पत्ता सांगितला नव्हता, तरी नेमक्या माझ्या हाडांत जाऊन बसल्या आणि नवं रक्त करू लागल्या. तू स्वतः तर माझ्याकडे येताना दर वेळी गल्ली चुकतेस.

आता मुद्दा, जो टाळत टाळत इथवर आलो. माझ्या काही जुन्या पेशी दडून राहिल्या होत्या, त्या पुन्हा वाढतायत. म्हणजे रक्ताचा कर्करोग परत डोकावतोय. उपाय असा, की या वेळी तुझ्या रक्तातल्या तयार पांढऱ्या पेशी घ्यायच्या. त्या माझ्या उरलेल्यांना हुसकावून लावतील. हमखास काही नाही. सुई पुन्हा तुलाच. आणि गुण नाही आला, तर तू पुन्हा स्वतःला बोल लावत बसशील. मला रिपोर्टपेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटते.

नाही म्हणालीस तरी चालेल. फक्त ते फोन न उचलता म्हणू नकोस; ये, समोर बस आणि म्हण. हो म्हणणार असलीस तर एक अट: पुढं जे होईल त्याचा दोष घ्यायचा नाही. ते आधी कबूल कर, मग बाही वर कर.

अजून पुष्कळ जगावंसं वाटतं, हे आज पहिल्यांदाच कुणाला सांगणारा,
तुझा
दादा