बिरदेवच्या मरणाचा लाभ कुणाला नको

मी, बनाबाई सिद्धू पुकळे, वय अठ्ठावन्न, अंगणवाडी सेविका, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन ठरले आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. पती हयात नाहीत. मला एकच अपत्य, मुलगा बिरदेव, वय सव्वीस. त्याला ऑटिझम आहे. तो वेडा नाही आणि त्याच्या अंगात काही शिरलेलेही नाही. लहानपणी सासरच्यांनी त्याला भगताकडे नेले. त्याने दिलेल्या डागण्यांचे व्रण बिरदेवच्या पोटावर अजून आहेत.

२. राहते घर आणि शेततळ्याकडचे रान माझ्या नावावर आहे. ते बिरदेवला देते. माझ्या बहिणीची मुलगी मंगल, राहणार माधवनगर, हिने त्याची पालक व्हावे. तसा अर्ज जिल्ह्याच्या समितीकडे दिला आहे.

३. मंगल, मिक्सर लावण्याआधी त्याला सांगत जा. मागून येऊन त्याचा हात धरू नकोस. दिवसभरात काय काय करायचे त्याची चित्रे भिंतीवर लावून ठेव. बेत बदलला तर आधी चित्र बदल. तो कान दाबून ओरडायला लागला तर समजावत बसू नकोस. जाड घोंगडे अंगावर टाक आणि जवळ बसून राहा. त्या वजनाने तो निवतो.

४. माझे धाकटे दीर भाऊसो यांना काहीही देत नाही. कारण लिहिते.

बिरदेवला पाण्याची ओढ आहे, म्हणून तळ्याला जाळी मारून घेतली. यंदा उन्हाळ्यात तिचे दार उघडे सापडू लागले. मला वाटले, वाऱ्याने. मग एके दुपारी तो छातीपर्यंत भिजून आला आणि ताटावर बसल्या बसल्या म्हणू लागला, "जा रं, पाणी बघ जा. आईला सांगू नगं."

बिरदेव स्वतःचे वाक्य बनवत नाही. ऐकलेले तसेच्या तसे, त्याच आवाजात बोलतो. तो आवाज भाऊसोंचा होता.

मी पोलीस ठाण्यात गेले. "मावशी, ह्याची साक्ष कोण धरणार?" असे म्हणून मला परत पाठवले.

५. म्हणून असे ठरवते की बिरदेवच्या माघारी घर व रान, तो ज्या केंद्रात शिकायला जातो त्या केंद्राला जावे. त्याच्या मरणाने नात्यातल्या कुणाचाही फायदा होता कामा नये. यात मंगलही आली. तिनेच मला सांगितले, "मावशी, माझंबी नाव घालू नगंस. मला लोभ सुटनार न्हाई, असं मी आज कशाच्या जोरावर म्हनू?"

६. वरचे पाचवे कलम भाऊसोंना मी समोर बसवून वाचून दाखवले. चहा संपवून त्यांनी एवढेच विचारले, "वैनी, आपरेशन कवा हाय?"

तारीख मी सांगितली नाही. बिरदेव कालच मंगलकडे पोचला, हेही नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

बनाबाई सिद्धू पुकळे

आमच्यासमोर सही झाली:
१. मानसिंग देशमुख, शेजारी
२. डॉ. अश्फाक मुल्ला

आटपाडी, १४ नोव्हेंबर २०२५