डावी पापणी

३ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच! डावी पापणी पुसट.

स्टुडिओवाल्याचा कॅमेरा तिसऱ्यांदा उघडला. जिन्यात त्याच्या हातून पडला होता, भिंगाची बैठक एका बाजूने दबलेली. ती सरळ केली, खाली कागदाइतकी पातळ चकती घातली. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलेलं आहे, त्याचा फोटो काढला — चारही कोपऱ्यांतली अक्षरं खणखणीत. मग नेहमीसारखं हिला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. भिंग पूर्ण उघडं, अगदी जवळून, फक्त चेहरा. मोरीत अंधार करून रोल धुतला. उजव्या डोळ्याच्या पापणीचा केस न् केस वेगळा. डावी मात्र धुरकट.

लग्न झाल्यापासून माझी शेवटची परीक्षा हीच. भिंतीने पास केलं आणि हिच्या पापण्यांनी नापास केलं, तर कॅमेरा दुकानाबाहेर जात नाही. स्टुडिओवाला म्हणतो, 'बायको आहे की इन्स्पेक्टर!' हसतो आणि दुसऱ्या कुणाकडे जात नाही.

४ मार्च, बुधवार

चकती बदलली. हिच्या दोन्ही पापण्या लख्ख आल्या! गडी खूश. भिंतीचा फोटो घेतला, तर वर्तमानपत्राची एक बाजू गेली. आता भिंतीचं ऐकावं तर बायको बिघडते, बायकोचं ऐकावं तर भिंत.

हिला चार वेळा बसवलं. वैतागली. "सरळ बस जरा," म्हटलं. "सरळच बसलेय. आता काय खिळे ठोकता मला?" नंतर चहा दिला तोही निम्मा कपाबाहेर, बशीत. माझ्यावरचा राग बिचाऱ्या चहावर.

६ मार्च, शुक्रवार

आज धसका बसला.

मास्तरांचा जुना कॅमेरा तयार झाला. साधं काम — शटर अडकलं होतं, पुसून तेल दिलं. भिंगाला हातसुद्धा लावला नव्हता. तरी सवयीने हिचा फोटो काढला. डावी पापणी पुसट!

दोन कॅमेऱ्यांना एकच दुखणं कसं होईल? मग दुखणं त्यांना नाही, मला आहे. नजर गेली असणार, नेम धरतानाच कुठेतरी चुकतोय. डोळ्याला भिंग लावून निगेटिव्ह पुन्हा पुन्हा पाहिली. आपण नीट बघतोय की नाही हे त्याच डोळ्यांनी कसं कळणार? चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

जेवण गेलं नाही. हिने विचारलं, तेव्हा सांगून टाकलं. ऐकून घेतलं तिने. काहीतरी बोलणार होती, पण मग ताटं उचलायला लागली.

९ मार्च, सोमवार

चष्मेवाल्याकडे जाऊन आलो. ही म्हणाली, "मीही येते." म्हटलं, तू कशाला, दुकानात कोण बसेल?

चष्मेवाल्याने शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं वाचून घेतली. "काका, या वयात अशी नजर! थोडी मला उसनी द्या." नंबर तोच. काच तीच.

मला नाही पटलं. अक्षरं वाचणं वेगळं आणि पापणीचा केस वेगळा.

१० मार्च, मंगळवार

स्टुडिओवाल्याचा फोन. "द्या हो तसाच, मी चालवून घेईन."

चालवून घेईन! माझ्या कामाबद्दल!

१२ मार्च, गुरुवार

ठरवलं. महिनाअखेर दुकान बंद.

उगाच लोकांच्या वस्तू बिघडवण्यापेक्षा मानाने उठावं. पण उठून करू काय? दुसरं येतं काय मला? सकाळी उठून कुठे जायचं? बारीक स्क्रू चिमट्यात धरला की जग गप्प बसतं — ते सुख पुन्हा नाही. भीती वाटते, हे इथे तरी लिहितो.

हिला सांगितलं. शर्टाला बटण लावायला बसली होती. म्हणाली, "घाई नका करू. तुमचे डोळे चांगले आहेत." मी खेकसलो — "तुला काय कळतंय डोळ्यांतलं!" दोरा सुईत जाईना तिच्या. शेवटी शर्ट तसाच ठेवून उठली आणि जाताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. 'बघून चाल' म्हणालो तेही चिडूनच. वाईट वागलो.

१४ मार्च, शनिवार

शाबूत! नजर शाबूत, हात शाबूत, दुकान शाबूत!

दुपारी मेहुणा आला, हिचा धाकटा भाऊ. ही बाजारात गेलेली. तो वाट बघत बसला तर म्हटलं, बस त्या स्टुलावर. "काय भाऊजी, दुसरं लग्न लावताय की काय माझं?" स्टुडिओवाल्याच्या कॅमेऱ्यात पहिली चकती परत बसवली होती. त्याने एक फोटो, मास्तरांच्या कॅमेऱ्याने एक. धुतले. चारही पापण्या अशा, की मोजून घ्या! मेहुण्याला मिठी मारली. तो घाबरला. म्हणाला, "बहिणीला सांगू का, येताना डॉक्टरला घेऊन ये म्हणून?"

मग हिच्या फोटोत काय होत होतं? निगेटिव्ह उजेडात धरल्या आणि पहिल्यांदा पापण्या सोडून सबंध चेहरा पाहिला. गाढव आहे मी! मान वळलेली, अगदी थोडी, डावीकडे. उजवा डोळा पुढे, डावा मागे. इतक्या जवळून, भिंग पूर्ण उघडं असताना मागचा पुसट येणारच, त्यात भिंगाने काय पाप केलं? प्रत्येक फोटोत तशीच. आणि वर म्हणते, सरळ बसलेय!

येऊ दे घरी. असं चिडवतो की बस! म्हणावं, मान वाकडी करून नवऱ्याचं दुकान बंद पाडत होतीस.

१५ मार्च, रविवार

चिडवलं. ती हसली नाही. म्हणाली, "समोरचं नीट दिसावं म्हणून मान वळते. डाव्या डोळ्याने आता दिसत नाही मला. झाले दोन-तीन आठवडे."

ओरडलोच — बोलली का नाहीस!

"बोलणारच होते. तेवढ्यात तुमच्या डोळ्यांचं निघालं. म्हटलं, एका वेळी घरात एकच दुखणं पुरे."